मुलांच्या श्रमाची मोजदाद: लखनौच्या अड्ड्यापासून जगाच्या आकड्यापर्यंत

उत्तर प्रदेशात ५ ते १४ वयाची किती मुले काम करतात, या प्रश्नाला २०११च्या जनगणनेतून दोन उत्तरे मिळतात. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या तक्त्यातले उत्तर आहे ८,९६,३०१. जनगणनेच्या पूर्ण तक्त्यातले उत्तर आहे २१,७६,७०६. दोन्ही आकडे खरे आहेत. पहिल्यात वर्षातले सहा महिने किंवा अधिक काळ काम करणारी, म्हणजे ‘मुख्य’ कामकरी मुलेच धरलेली आहेत. दुसऱ्यात त्याहून कमी काळ काम करणारी ‘सीमांतिक’ मुलेही आहेत. घोटाळा होतो तो तुलनेत. मंत्रालयाच्या तक्त्यात या ८.९६ लाखांशेजारी २००१चा आकडा आहे १९,२७,९९७, आणि त्यात दोन्ही प्रकारची मुले मोजलेली आहेत. वरवर पाहणाऱ्याला वाटते, दहा वर्षांत बालमजुरी निम्म्याहून खाली आली. सारख्याची तुलना सारख्याशी केली, तर याच राज्यात ती जवळजवळ अडीच लाखांनी वाढलेली दिसते.

महाराष्ट्राचेही तसेच. २००१चा आकडा ७,६४,०७५. मंत्रालयाच्या तक्त्यानुसार तो २०११ मध्ये ४,९६,९१६ झाला. सीमांतिक मुले धरली की तो ७,२७,९३२ होतो. अडीच लाखांहून मोठी वाटणारी घट छत्तीस हजारांवर येते. देशपातळीवर हाच फरक ४३.५३ लाख आणि १ कोटी १ लाख यांच्यातला आहे. ज्या आकड्यावर शाळा, निधी, अधिकारी आणि संसदेतली उत्तरे ठरतात, तो आकडाच असा डळमळीत असेल, तर मोजणी सुधारण्याचा प्रश्न केवळ संख्याशास्त्रज्ञांचा राहत नाही.

हा प्रश्न समजून घ्यायला लखनौइतके चांगले ठिकाण क्वचितच सापडेल. उत्तर प्रदेश हे देशात सर्वाधिक कामकरी मुलांचे राज्य. २०११ मध्ये देशातल्या दर पाच कामकरी मुलांपैकी एकाहून अधिक मूल इथले होते. त्याच्या राजधानीचे नाव ज्या कामामुळे जगभर झाले, ती चिकनकारी आणि जरदोजी, घराच्या आत चालते. आपली मोजणी थांबते ती नेमकी घराच्या उंबऱ्याशी.

नगावरची मजुरी

चौकातल्या दुकानात टांगलेला चिकनचा कुर्ता अनेक हातांतून गेलेला असतो. कापणी, शिलाई, लाकडी ठशांची छपाई, मग भरतकाम, शेवटी धुलाई. यातले भरतकाम मुख्यतः बायका करतात. शहरातल्या जुन्या मोहल्ल्यांत, तशाच काकोरी-मलिहाबादकडच्या गावांत. माल ठेकेदार आणून देतो, तोच घेऊन जातो, आणि पैसे नगावर देतो. टेपची, बखिया, मुर्री, जाली हे टाके मुलगी आईशेजारी बसून शिकते. शिकणे कुठे संपले आणि कमावणे कुठे सुरू झाले, हे घरातल्यांनाही सांगता येत नाही. जरदोजीत चित्र थोडे वेगळे आहे. लाकडी चौकटीच्या ‘अड्ड्या’वर कापड ताणून भोवती कारागीर बसतात. तिथे उस्ताद आणि शागीर्द यांची जुनी रीत आहे, आणि शागिर्दाचे वय कोणी विचारत नाही.

नगावर मजुरी असली की हिशेबात माणूस दिसत नाही, फक्त नग दिसतो. दोन दिवसांचा कुर्ता एका दिवसात झाला, तर त्यात दहा वर्षांच्या मुलीचे किती टाके होते, हे ठेकेदाराच्या वहीत येत नाही. आपल्याकडच्या ऊसतोडीत हेच घडते. मुकादमाची उचल ‘कोयत्या’ला मिळते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. मोळ्या वाहणारे, धाकट्या भावंडाला सांभाळणारे, बैलांना चारा घालणारे मूल कारखान्याच्या कोणत्याच नोंदीत नसते. बीडमधून निघालेले हे मूल गावातल्या पटावर असते आणि फडात हजर असते. दोन जिल्ह्यांच्या दोन नोंदी एकमेकींना भेटल्याशिवाय ते सापडणार नाही.

कायदा काय विचारतो, मोजणी काय विचारते

१९८६च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली मोठी दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना सर्वच कामांवर ठेवण्यास बंदी आली आणि चौदा ते अठरा वयोगटाला धोकादायक कामांतून वगळले गेले. मात्र शाळेनंतर किंवा सुटीत कुटुंबाला मदत करण्याची सूट ठेवली. या सुटीवर तेव्हाही कडाडून टीका झाली, आणि ती रास्त होती. २०१७च्या नियमांनी या सुटीला कुंपणे घातली. मुलाने शाळेच्या वेळेत काम करायचे नाही. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ दरम्यान करायचे नाही. विश्रांती सोडून दिवसाला तीन तासांहून अधिक करायचे नाही. ज्या उत्पादन-विक्रीच्या साखळीतून मुलाला किंवा कुटुंबाला मोबदला मिळतो, तिच्या कोणत्याही टप्प्यावरचे काम या सुटीत बसत नाही. म्हणजे ठेकेदाराने दिलेल्या कुर्त्यावर पैशासाठी टाके घालणारी मुलगी स्वतःच्या घरात बसली असली, तरी तिचे काम सुटीबाहेरच जाते.

म्हणजे एका मुलीचे काम कायद्यात बसते की नाही, हे ठरवायला पाच गोष्टी ठाऊक हव्यात: तिचे वय, कामाचे तास, कामाची वेळ, शाळेतली हजेरी, आणि माल कोणाचा. आपली कोणतीही मोठी मोजणी या पाच गोष्टी एकत्र विचारत नाही.

जनगणना विचारते की गेल्या वर्षभरात या व्यक्तीने केव्हाही काम केले का. उत्तर बहुधा कुटुंबप्रमुख देतो, आणि घरात बसून टाके घालणे त्याच्या लेखी काम नसतेच. नमुना पाहण्यांत, पूर्वीच्या रोजगारविषयक फेऱ्यांत आणि २०१७-१८ पासूनच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात, वर्षातला बराचसा वेळ ज्यात गेला ती माणसाची ‘मुख्य स्थिती’ धरली जाते. शाळेत नाव असलेले मूल त्यामुळे ‘विद्यार्थी’ होते. दुय्यम कामाला रकाना असतो, पण प्रगणकाने खोदून विचारले तरच तो भरतो. शिवाय या सर्वेक्षणाच्या निष्कर्षांचा भर पंधरा वर्षांपुढच्या लोकांवर असतो.

यांत आशेची एक खिडकी आहे ती वेळ-वापर सर्वेक्षणाची. २०१९ आणि २०२४ मध्ये देशभर झालेल्या या पाहणीत सहा वर्षांपुढच्या प्रत्येकाचा आदला दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाने लिहून घेतला गेला. ‘तुमचा मुलगा काम करतो का?’ या प्रश्नाला आईवडील बिचकतात. ‘काल चार वाजता तो काय करत होता?’ याला सहज उत्तर देतात. मुलींची धुणीभांडी, पाणी भरणे, धाकट्यांना सांभाळणे हे सारे यात उमटते. पण ही पाहणी जिल्ह्याचे चित्र देऊ शकत नाही. आणि ती कुटुंबांत जाते. कारखान्यातच झोपणारा शागीर्द किंवा लखनौच्या चारबाग स्टेशनवर उतरलेला एकटा मुलगा कोणत्याच कुटुंबाच्या यादीत नसतो.

प्रशासनाच्या नोंदी आणखी तुटक आहेत. श्रम विभाग छाप्यांत सुटलेली मुले मोजतो. २०१७ पासून त्यासाठी ‘पेन्सिल’ हे पोर्टल आहे. शिक्षण विभाग शाळाबाह्य मुले मोजतो. उत्तर प्रदेशात ‘शारदा’ कार्यक्रमातून त्यांचा घरोघर शोध घेतला जातो. पोलीस गुन्हे मोजतात: बालकामगार कायद्याखाली देशभरात २०२० मध्ये ४७६ आणि २०२१ मध्ये ६१३ गुन्हे नोंदले गेले. कोटीच्या घरातली मुले आणि शेकड्यांतले गुन्हे यांतले अंतर यंत्रणेच्या पोहोचीबद्दल पुरेसे सांगते. बालकल्याण समित्या, १०९८ची हेल्पलाइन, रेल्वे सुरक्षा दल यांच्या नोंदी आणखी वेगळ्या. एकाच मुलाचे नाव यांतल्या तीन ठिकाणी असू शकते, किंवा एकाही ठिकाणी नसू शकते.

जोडणीची सोय कायद्यात नाही असेही नाही. विद्यार्थी न कळवता सलग ३० दिवस गैरहजर राहिला, तर मुख्याध्यापकाने जिल्ह्याच्या नोडल अधिकाऱ्याला कळवावे, असे २०१७चे नियम सांगतात. ही तरतूद मनापासून राबवली, तर शाळेचे हजेरीपुस्तक हेच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत ताजे बालमजुरी सर्वेक्षण ठरेल. बालहक्क कार्यकर्त्या शांता सिन्हा आणि त्यांचे एम. व्ही. फाउंडेशन कितीतरी वर्षे हेच सांगत आले आहेत की शाळेबाहेरचे प्रत्येक मूल कामकरी मूल मानून सुरुवात करा. या भूमिकेवर आक्षेप आहेत. शाळेत जाऊनही चार तास अड्ड्यावर बसणारे मूल तिच्यातून निसटते. पण शोध कुठून सुरू करायचा, याचे तिच्याइतके व्यवहार्य उत्तर दुसरे नाही.

जगाने काय केले

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००८ मध्ये श्रम-संख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेत बालमजुरी मोजण्याचे मापदंड ठरवले आणि २०१८ मध्ये ते सुधारले. जागतिक अंदाजांसाठीचा हिशेब सोपा आहे. ५ ते ११ वयाच्या मुलाने आठवड्यात एक तासही आर्थिक काम केले तर ते मोजायचे. १२ ते १४ साठी मर्यादा १४ तासांची. १५ ते १७ साठी धोकादायक काम किंवा आठवड्याला ४३ तासांहून अधिक काम. घरकाम २१ तासांवर गेले तर तेही वेगळे धरता येते. मोजण्याचे एकक ‘काम’ नसून ‘तास’ आहे, हे इथे महत्त्वाचे. याच पद्धतीने २००० मध्ये जगात २४.६ कोटी बालमजूर असल्याचा अंदाज निघाला, आणि जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात २०२४चा अंदाज १३.८ कोटी आला, त्यांतली ५.४ कोटी मुले धोकादायक कामांत आहेत. सुमारे पंचवीस वर्षांतली ही घट मोठी आहे. तरी २०२५ पर्यंत बालमजुरी संपवण्याचे जे उद्दिष्ट जगाने स्वतःपुढे ठेवले होते, ते चुकले.

ब्राझीलकडून शिकण्यासारखे दोन धडे आहेत. पहिला सातत्याचा. तिथली राष्ट्रीय संख्याशास्त्र संस्था नियमित घरोघर पाहणीतच बालमजुरीचे प्रश्न विचारते आणि निष्कर्ष जाहीर करते. २०२२ मध्ये ५ ते १७ वयाची सुमारे १८.८ लाख मुले बालमजुरीत होती, २०२३ मध्ये १६.१ लाख, २०२४ मध्ये पुन्हा किंचित वाढून १६.५ लाख. वाढही लपवली नाही, आणि ती दहा वर्षांनी नव्हे तर लगेच कळली. दुसरा धडा लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांनी मिळून वापरलेल्या जोखीम-नकाशाचा. नवी मोजणी न करता, आधीच हाती असलेल्या जनगणना आणि पाहण्यांच्या माहितीतून कोणत्या नगरपालिकांत बालमजुरीची शक्यता जास्त, हे ते काढतात आणि तिकडे माणसे पाठवतात. लखनौ, सीतापूर, हरदोई, बाराबंकी यांचा असा गटवार नकाशा काढायला लागणारी माहिती आपल्याकडे आहे: शाळागळती, आईचे शिक्षण, घराची अवस्था, स्थलांतर. ती एका टेबलावर आलेली नाही, एवढेच.

घाना आणि आयव्हरी कोस्टच्या कोकोच्या शेतीतून तिसरा धडा मिळतो. २००१ मध्ये चॉकलेट कंपन्यांनी बालमजुरीचे निकृष्टतम प्रकार संपवण्याचा करार केला. २०२० मध्ये शिकागो विद्यापीठाच्या एनओआरसी संस्थेने या दोन देशांत कोकोच्या कामात अजून सुमारे १५.६ लाख मुले असल्याचे दाखवले. दरम्यान गावातलाच प्रशिक्षित माणूस घरोघर वारंवार जाऊन मुले शोधतो आणि मदतीला जोडून देतो, अशा व्यवस्था तिथे उभ्या राहिल्या. एकदाच्या तपासणीत न दिसणारी मुले पुन्हा पुन्हा जाणाऱ्याला दिसतात. पण अशी माहिती कंपनीच्या ताब्यात राहिली, तर ती सरकारच्या आणि समाजाच्या उपयोगी पडत नाही. चिकनच्या निर्यातदारांनाही हे लागू आहे. परदेशी खरेदीदाराला दाखवायला ते पुरवठ्याची जी माहिती गोळा करतील, तिचा निष्कर्ष जिल्ह्यापर्यंत यायला हवा.

मोजणारा आणि पकडणारा

या सगळ्या आढाव्यातून मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा वेगळाच आहे. बालमजुरीची माहिती दोन कारणांसाठी लागते. एक, किती मुले, कुठे, कोणत्या कामात, याचा विश्वासार्ह अंदाज. त्यात कोणाचेही नाव नको. दोन, या विशिष्ट मुलाला शाळेत, घरी किंवा सुरक्षित निवाऱ्यात पोहोचवणे. त्यात नाव हवेच. ही दोन कामे आपण वर्षानुवर्षे एकत्र केली आणि दोन्ही बिघडवली.

१० डिसेंबर १९९६ च्या एम. सी. मेहता निकालात सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत बालमजुरांचे सर्वेक्षण करण्याचा आणि धोकादायक कामावर ठेवलेल्या प्रत्येक मुलामागे मालकाकडून २०,००० रुपये वसूल करण्याचा आदेश दिला. हेतू थोर होता. पण ज्याच्या हातात वही त्याच्याच हातात दंडाची पावती असेल, तर त्याला खरे कोण सांगेल? मालक मुले मागच्या दाराने बाहेर काढतो आणि आई ‘बाजूला बसलाय’ म्हणते. मोजणाऱ्यालाही कमी आकडा सोयीचा असतो, कारण मोठा आकडा म्हणजे त्याच्याच कामाचे अपयश. जनगणना कायदा १९४८ आणि सांख्यिकी संकलन कायदा २००८ यांनी उत्तरे गोपनीय ठेवण्याची हमी दिली आहे. बालमजुरीची पाहणी या हमीखालीच व्हायला हवी, श्रम निरीक्षकाकडून नव्हे.

दुसऱ्या बाजूला, मुलाचे नाव असलेली नोंद जितकी दूर जाते तितकी धोकादायक होते. बालन्याय कायदा २०१५ मुलाची ओळख उघड करण्यास मनाई करतो; २०२३चा व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. मोहल्ल्याची यादी उद्या गरिबांच्या वस्तीवर, एखाद्या जातीवर किंवा धर्मावर बोट ठेवायला वापरली गेली, तर पुढच्या वेळी एकही दार उघडणार नाही. लखनौचे भरतकाम करणारे मोठ्या संख्येने गरीब मुस्लिम कुटुंबांतले आहेत. ही शंका त्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून नावे खाली राहावीत, जिल्ह्याच्या बालसंरक्षण यंत्रणेत. वर जावेत ते फक्त आकडे.

नावाची नोंद मदतीला जोडलेली असेल, तर लोक स्वतः पुढे येतात. उत्तर प्रदेशाने १२ जून २०२० रोजी बाल श्रमिक विद्या योजना सुरू केली. अनाथ किंवा आजारी, अपंग पालकांच्या कामकरी मुलांपैकी मुलाला महिना १,००० आणि मुलीला १,२०० रुपये, शाळेत जाण्याच्या अटीवर. पहिल्या टप्प्यात फक्त २,००० मुले घेतली गेली. राज्यातल्या गरजेपुढे ही संख्या फारच थोडी आहे, तरी दिशा बरोबर आहे. नोंद केल्यास काही मिळते, हे एका आईला कळले की शेजारचीही बोलते.

आता काय करायचे

आपल्याकडे या मोजणीला मोठी परंपरा आहे. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही श्रम आयोगात कामगार नेते ना. म. जोशी सदस्य होते. आयोगाने गावोगावी जाऊन विडी आणि गालिच्यांच्या कामातली मुले पाहिली, गहाण टाकलेल्या मुलांची साक्ष नोंदवली. १९३१ मध्ये अहवाल आला आणि १९३३ मध्ये मुलांचे श्रम गहाण ठेवण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. प्रत्यक्ष पाहिलेले लिहिले गेले की कायदा हलतो. त्या मानाने आज आपण २०११च्या आकड्यांवर जगतो आहोत. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुलगी आता संसाराला लागली असेल, आणि आपली धोरणे अजून तिच्या बालपणाच्या आकड्यावर आखली जातात.

२०२७च्या जनगणनेची अधिसूचना निघाली आहे आणि ती डिजिटल होणार आहे. पंधरा वर्षांखालच्यांच्या बाबतीत मुख्य आणि सीमांतिक दोन्ही आकडे नेहमी एकत्रच छापायचे, आणि मागच्या आकड्यांशी तुलना सारख्याचीच करायची, एवढी शिस्त पाळली तरी सुरुवातीचा घोटाळा संपेल. श्रमबल सर्वेक्षणात दर तीन-चार वर्षांनी ५ ते १७ वयासाठी वेगळी प्रश्नावली हवी: काल किती तास, कोणत्या वेळी, माल कोणाचा, पैसे कोणाला, शाळेत किती दिवस. घराबाहेर राहणाऱ्या मुलांसाठी स्टेशन, कारखाने, ढाबे, वीटभट्ट्या अशा ठिकाणांची वेगळी पाहणी हवी. तीस दिवसांच्या गैरहजेरीची नोंद दरमहा जिल्ह्यात जमा व्हावी आणि गटवार आकडा लोकांना पाहता यावा. मूल जिथून निघते आणि जिथे पोहोचते, त्या दोन जिल्ह्यांत नोंद एकत्र असावी. बीड आणि सांगली, सीतापूर आणि लखनौ, बिहारमधली गावे आणि मुंबईचे जरीचे कारखाने, सगळीकडे अडचण एकच आहे. २०१७ मध्ये भारताने किमान वयाच्या आणि बालमजुरीच्या निकृष्टतम प्रकारांच्या दोन्ही आंतरराष्ट्रीय करारांना मान्यता दिली. आपले आकडे जगाच्या मापदंडाने मांडणे ही त्या शब्दाची किंमत आहे.

आणि शेवटी, जो आकडा गोळा होतो तो जिथून आला तिथे परत जायला हवा. लखनौतल्या ठाकूरगंजच्या पालकसभेत, मलिहाबादच्या ग्रामसभेत, बीडच्या तांड्यावर तो वाचून दाखवला जावा: आपल्या गावची इतकी मुले, इतके तास, इतके दिवस शाळेबाहेर, गेल्या वर्षी इतकी होती. तो खोटा असेल तर तिथली बाईच उठून सांगेल, आणि खरा असेल तर पुढचा प्रश्न ती सरपंचाला विचारेल. तसे होईपर्यंत मोजणी सरकारच्या सोयीची राहील. ती मुलांच्या उपयोगाची व्हायला हवी, आणि २०२७च्या आधी हे ठरवण्याइतका वेळ अजून आपल्या हातात आहे.